सातव्या एलेमेंटचं शवविच्छेदन

टेबलावर आहे ते एक मीटर लांब,
फायबरग्लासचं कवच, टोकाला खोडलेला नंबर.
लूपे आरेदोंदो करवत चालवते, मी धरून ठेवते.
एल पासोत जुलै. बाहेर एकशे चार,
आत एसीची घरघर
आणि कवच तडकताना सुटणारा जळक्या राळेचा वास.

उलगडत जातो आम्ही.
पान, जाळी, पान, जाळी,
मधल्या नळीभोवती घट्ट गुंडाळलेली.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडले होते, अगं, सुरळीची वडी!
दुसऱ्या दिवशी डब्यातून नेलीही, लूपेला कळावं म्हणून.
तिने एक वडी टोकाने धरून पूर्ण उलगडली,
उजेडात धरली.
म्हणाली, हिच्यातून काय गाळता तुम्ही?

या मेम्ब्रेनमधून पाच वर्षं एक गाव गेलं.
अंघोळी, खरकटी, बाळंतिणीचे कपडे,
ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा उरलेला अंश,
केसांना लावलेला काळा रंग,
शुक्रवारची बिअर, शनिवारची ओकारी.
मागून पंप ढकलत होता,
आणि केसाचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एकाएवढी ही
प्रत्येकाला एवढंच म्हणत होती:
पाणी असशील तर ये.

आमच्याकडे हंड्यात तुरटी फिरवायचे.
गाळ खाली बसला की वरचं अलगद ओतून घ्यायचं,
तळाचं अळूला.
इथेही तळ असतोच.
तो पाइपमधून जातो, हजारो फूट खाली, खडकात,
जिथे अळू नाही.

बोटाला लागतो बुळबुळीत थर,
पेजेवर धरलेल्या सायीसारखा, पण तपकिरी.
शेवटच्या टोकाला क्षार, दाताखाली खडा यावा तसा चरचरीत.
याने ती गेलेली नाही.
हे धुता येतं. आधी अल्कली, मग आम्ल,
मग पुन्हा कामावर.

मग लूपे टेस्ट ट्यूबमध्ये नखाएवढा तुकडा टाकते, तापवते.
द्रावण गुलाबी होतं.
अगदी लग्नपत्रिकेवरचा गुलाबी.
आम्ही दोघी गप्प.
गुलाबी म्हणजे क्लोरीन.

प्लांटवरून क्लिफर्ड ओडमचा फोन येतो.
रिपोर्टच्या आधीच.
फेब्रुवारीत एका रात्री, म्हणतो,
बायसल्फाइटचा पंप बंद पडला. चाळीस मिनिटं.
अलार्म वाजत होता. मी पार्किंगमध्ये होतो, गाडीत.
गाडीत का, ते त्याने सांगितलं नाही.
माझ्या फॉर्मवर तेवढा रकाना नाही.

चाळीस मिनिटांनी जात नाही ती, मी म्हणाले.
खरंच आहे ते. क्लोरीन तिच्यात साठत जातो,
तासाला तास जोडत, वाण्याच्या उधारीसारखा.
म्हणजे अशा रात्री पुष्कळ असणार.
त्याच्या, नाहीतर आणखी कुणाकुणाच्या.
पलीकडे श्वास ऐकू आला बराच वेळ.
मग तो म्हणाला, पण माझी त्यात आहे ना?
आहे, मी म्हणाले.
दुसरं काय म्हणणार.

कारण: ऑक्सिडेशन.
कालावधी: सांगता येत नाही.
खाली माझी सही, मराठी वळणाची,
जी इथे कुणालाच वाचता येत नाही.

दीड वाजता लूपे माझा डबा स्वतःच उघडते.
आता ती वडी उलगडत बसत नाही, अख्खी तोंडात टाकते,
मोहरी दातात अडकली की हसते.
वर नळाचं ग्लासभर पाणी पिते.
कुठून आलं, कुणाकुणातून आलं, दोघींना माहीत आहे.
नळ थोडा वेळ सोडून ठेव, म्हणते,
थंड येऊ दे.